दोन बोटं

पेइप्सी सरोवराच्या काठाला आमचं एकाच रस्त्याचं गाव.
एका टोकाला आमचं प्रार्थनाघर,
दुसऱ्या टोकाला त्यांचं चर्च,
मधे सगळे कांद्याचे वाफे.

आम्ही क्रूसाची खूण दोन बोटांनी करतो,
ते तीन.
एवढंच.
एवढ्यावरून साडेतीनशे वर्षांपूर्वी माणसं जाळली.
उरलेली बर्फ तुडवत इथवर आली,
छातीशी पवित्र चित्रं, कमरेला कांद्याचं बी.
आजोबा हे सांगायचे
उद्या वारा कुठून सुटेल ते सांगावं, तशा आवाजात.
ऐकताना मी दातओठ खायचे.

दर गुरुवारी फादर लाव्रेंती यायचे, तीन बोटांचे.
उंबऱ्याशी बूट आपटून बर्फ झाडायचे.
आजोबा फळीवरून तो वेगळा कप काढायचे,
परक्यांसाठी ठेवलेला,
निळ्या कडेचा, कान तुटलेला.
मग चहा. मग वाद.

त्यांचा वाद म्हणजे
एकानं बोलायचं
आणि दुसऱ्यानं बशीतला चहा निवेस्तोवर थांबायचं.
"लाव्रेंती, तू चुकतोयस. थोडा मध घे."
"चूक तुमची आहे, झिनोवी येफिमोविच,"
असं म्हणून फादर मध घ्यायचे.

पंधराव्या वर्षी मी सगळे मुद्दे पाठ केले,
तारखा, फर्मानं,
कुणाची जीभ छाटली, कुणाला खड्ड्यात कोंडलं.
आणि एका गुरुवारी
सामोवारच्या आडून फादरांच्या अंगावर फेकले
एकामागून एक.
त्यातला एकही खोटा नव्हता.

फादरांनी कप खाली ठेवला.
"हे खरं आहे, उस्तीन्या," म्हणाले,
आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत.
मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

ते गेल्यावर आजोबा रागावले नाहीत.
भट्टीवरच्या दांडीची एक वेणी उतरवून
त्यांनी एक कांदा माझ्या हातात दिला.
वरून लख्ख, सोनेरी.
मानेपाशी अंगठा दाबला तर आत गेला,
घाण वास सुटला.
"कांदा चांगलाच होता," म्हणाले,
"सुकवायची घाई झाली."
परसात जाऊन तो फेकून आले. त्यांच्यापुरता विषय संपला.
मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

दोन वर्षांनी, सरोवराचा बर्फ फुटायच्या सुमारास
आजोबांचा उजवा हात गेला.
डोळे जागे, जीभ जड,
बोटं वाळत घातलेल्या हातमोज्यासारखी.
प्रार्थनेच्या वेळी हात कपाळाकडे निघायचा
आणि वाटेतच पांघरुणावर पडायचा.
मी बोटं जुळवून द्यायला जायचे,
एक सरळ केलं की दुसरं मिटायचं,
आणि मला रडू फुटायचं.

त्या गुरुवारी फादरांनी बूट आपटले नाहीत.
खाटेशी गुडघे टेकले,
आजोबांचा पंजा आपल्या तळव्यात घेतला.
अंगठा शेवटच्या दोन बोटांशी मिटवला,
तर्जनी ताठ,
मधलं बोट किंचित वाकतं,
जसं आमच्यात लहानपणी मारून शिकवतात, अगदी तसंच.
जो आकार ते तीस वर्षं चूक ठरवत आले
तो त्यांना बोटपाठ होता.
त्यांनी तो हात उचलला.
कपाळ. पोट. उजवा खांदा. डावा.
सावकाश, जणू काठोकाठ भरलेली बशी नेतायत.

मग थोडं बाजूला वळून
स्वतःसाठी, तीन बोटांनी.
मी पाहिलं. आजोबांनीही पाहिलं.

आजोबांचे ओठ हलले.
आशीर्वाद देत असतील म्हणून मी वाकले.
"चुकतोयस," म्हणत होते.

फादर हसले, बाहीनं नाक पुसत हसले,
"मी काही अजून हरलो नाही," म्हणाले.

मी चहा टाकला.
फळीवर दोन्ही कप शेजारी शेजारी.
हात आमच्या कपाकडे गेला, थांबला.
आजोबा बघत होते.
मग मी तोच, कान तुटलेला, घेतला,
गरम पाण्यानं दोनदा विसळला,
आणि फादरांनी मागायच्या आत
त्यात मध घातला.